हॉटेलची टाकी आणि आम्ही दोघी जावा

परत आल्यापासून गल्लीत जी ती विचारतेय, "काय, कसं काय कोकण?" मी प्रत्येकीला वेगळं सांगितलं. शेजारणीला म्हणाले, छान. शाळेतल्या बाईंना म्हणाले, दमट. खरं कुणालाच सांगितलं नाही, कारण खरं सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं आणि अर्ध्यात मला हसू फुटतं. म्हणून लिहून काढते. समुद्राकाठी स्वस्तातलं हॉटेल शोधणाऱ्यांना उपयोग होईल, आणि ज्यांच्या घरात दोन सुना एकमेकींशी बोलत नाहीत त्यांना तर नक्की होईल.

हॉटेलचं नाव सांगणार नाही. मालक भला माणूस आहे आणि त्याचं जे काही वाटोळं करायचं होतं ते आम्ही जागेवर करून आलो आहोत.

गेलो होतो तिघी. मी, माझी थोरली जाऊ मालनताई आणि दोघींच्या मध्ये आमच्या सासूबाई. मध्ये म्हणजे अगदी मध्ये, एसटीच्या बाकावरसुद्धा. दोन वर्षं झाली, मी आणि ताई एकमेकींशी बोलत नव्हतो. त्याआधी बारा वर्षं आम्ही एका घरात, एका ओट्यावर काढली होती. मग त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, आम्ही सोलापूरच्या जुन्या पेठेतच राहिलो, आई आमच्याकडे राहिल्या. तोवर सगळं गोड होतं. पुढं ताईंचे वडील बार्शीत वारले. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दहावीच्या परीक्षेचे दिवस, सगळी हॉल तिकिटं माझ्या कपाटात. आज जाते, उद्या जाते करत मी पोचले ती थेट तेराव्याला. पंगतीत बसले, तर ताई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जेवून जा."

मला इतका राग आला की मी खरंच जेवले. दोन लाडू जास्त खाल्ले. आणि चारच्या गाडीनं परत आले.

तेव्हापासून आमचं जे काही बोलणं व्हायचं ते आईंच्या मार्फत. सणावाराला ताई घरी आल्या की, "आई, तिला विचारा गूळ कुठंय." मी हातभर अंतरावर उभी राहून, "आई, ताईंना म्हणावं, फडताळात." आई बिचाऱ्या मान वळवून वळवून थकायच्या. ह्या वर्षी त्यांना ऐंशीवं लागलं आणि त्यांनी जाहीर केलं, "मला समिंदर बगायचाय. पोरं नकोत. दोगी सुना नेत्याल तर जाते, न्हाय तर ऱ्हाऊ दे." एकटीला गाठून मला म्हणाल्या, "मी हाय तवर ती माज्यासाठी तुज्या दारात येती. मी गेल्यावर कुणाच्या नावानं येनार गं? तिची पोरं तुजी पोरं रस्त्यात भेटली तर वळकायची बी न्हाईत." हे मलाही सुचून गेलेलं होतं आणि सुचलं की मी लगेच दुसरं काहीतरी काम काढायची.

हॉटेल ह्यांनी शोधलं. आमचे हे मोबाइलवर हॉटेल शोधतात तेव्हा सगळ्यात स्वस्तापासून सुरू करतात आणि तिथंच थांबतात.

पहिला दिवस

फोटोत हॉटेल निळं होतं. प्रत्यक्षात ते एके काळी निळं होतं. रिसेप्शनच्या टेबलावर मालकांनी लुंगी वाळत घातली होती, ती त्यांनी आम्हाला बघून काढली आणि घडी घालून रजिस्टरवर ठेवली. मालक साठीचे, बारीक, गळ्यात मफलर. "सोलापूर? बरेच लांबून आलात हो," म्हणाले. इतक्या लांबून ह्या हॉटेलात कोण येतं, हा अविश्वास त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

दोन खोल्या सांगितल्या होत्या. एक मिळाली. दुसरीचं छत महिन्यापूर्वी थोडं उतरलं होतं. "थोडंच," मालक म्हणाले.

खोली समुद्राच्या बाजूची होती, हे मात्र खोटं नाही. फक्त खोली आणि समुद्र यांच्यामध्ये शेजाऱ्यांनी दुरुस्तीला काढलेली एक होडी होती, तिच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर एक कोंबडी. गॅलरीला दोरी बांधून ठेवलेली, कारण कठडा धरला की निघून हातात यायचा. भिंतीतल्या एसीत चिमण्यांनी संसार मांडला होता, तो मालकांनी मोडू दिला नव्हता. टॉवेल इतके कडक की दाराला टेकवून उभे राहत होते. बाथरूममध्ये चांगल्या दिवसांतला एक आंघोळीचा टब होता, गुलाबी. आणि त्या टबाच्या वर एक झरोका. बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की झरोक्यातून समुद्र दिसायचा. आधी ताई चढून आल्या, मग मी. आईंचे गुडघे बादलीवर चढण्यातले नव्हते.

"आई, तिला विचारा, ह्यालाच सी फेसिंग म्हणत होते का तिचे मिस्टर."

"आई, ताईंना म्हणावं, निदान त्यांनी शोधलं तरी."

आई पलंगावर बसून दोघींकडं बघत होत्या. पलंगावर सोलापुरी चादर होती. आता सोलापूरच्या बाईला परगावात सोलापुरी चादर दिसली की ती आधी हात लावते. ताईंनी चादरीचं टोक चिमटीत धरून उलटं केलं, मी दुसऱ्या बाजूनं काठ बघितला, आणि दोघींच्या माना एकदम नकारार्थी हलल्या. नक्कल होती. विणकरांच्या पेठेत नांदलेल्या सुनांना फसवणं एवढं सोपं नाही. त्या क्षणी आमची नजरानजर झाली आणि दोघींनी ती लगेच होडीवरच्या कोंबडीकडं वळवली.

दुपारी आडवं व्हावं म्हणून गादीवर पाठ टेकली तर गादीच्या मधोमध खड्डा. कडेला झोपलेलं माणूस पाच मिनिटांत घरंगळत मध्ये यायचं. मी समजले होते की आई मध्ये झोपतील. त्या म्हणाल्या, "मला भिंत लागती," आणि भिंतीकडेला जाऊन खिडकीचा गजच धरून पडल्या. परिणामी मी आणि ताई, दोन वर्षांचा अबोला घेऊन, खड्ड्यात नाकाला नाक लावून पडलो. दोघींनी डोळे गच्च मिटले. ताईंच्या श्वासाला अजून तोच बडीशेपेचा वास होता. मला उगाचच रडू आल्यासारखं झालं, म्हणून मी उठून चहा सांगायला गेले.

जेवायला शाकाहारी थाळी मागितली. मालकीणबाईंनी भात वाढला, मग कुळथाची पिठी वाढली, मग पिठीसाठी भात वाढला, मग सोलकढी दिली आणि सोलकढीसाठी भात वाढला. आईंनी पिठीत बोट बुडवून चाखलं. "हे तर आपलं हुलगं की गं." तांदळाची भाकरी त्यांनी दोन बोटांत उचलून उजेडात धरली. ज्वारीच्या कडक भाकरीवर ऐंशी वर्षं काढलेल्या माणसाला ती भाकरी आजारी वाटली तर नवल नाही. मग आमचा शेंगाचटणीचा डबा उघडला, तेव्हा मालकीणबाईंनी एक चिमूट खाल्ली आणि पुढचा अर्धा तास त्या हसत हसत पाणी पीत राहिल्या. त्यांना हसताना बघून आईही हसल्या. त्या दोघींची तिथंच गट्टी जमली.

पाण्याचं म्हणाल तर संध्याकाळी खोलीतला नळ कोरडा होता. मालकांनी एक बादली आणून दिली. "पंप बंद आहे जरा. पाणी सकाळी सोडतो."

आता हे वाक्य नीट ऐका. पाणी सकाळी सोडतो. तुमच्या गावात ह्याचा अर्थ काय होतो मला माहीत नाही. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. पाण्याचा दिवस असला की लग्नाची तारीख बदलतात, माहेरी जायचं पुढं ढकलतात, पाहुण्यांना सांगतात की बाबांनो आज नको. आमच्याकडं 'पाणी सकाळी सोडतो' म्हणजे पहाटे पाचला उठायचं, येईल तेवढं घ्यायचं, आणि गेलं की गेलं.

ताईंनी आईंना म्हटलं, "तिला सांगा, पाचचा गजर लाव."

मी आधीच लावला होता.

दुसरा दिवस

गजर झाला तेव्हा आई पलंगावर नव्हत्या. त्या पहाटेच उठून खाली मालकीणबाईंकडे चहाला गेल्या होत्या. नळ अजून कोरडाच होता. आम्ही दोघी आपापल्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसलो. सहा वाजले आणि जिन्यातून आईंची हाक आली. आई अक्कलकोटकडच्या, एरवी मराठीच बोलतात, पण घाईत असल्या की कानडी येतं. "नीरू बंतु गं, नीरू बंतु!" म्हणजे पाणी आलं. आणि त्याच क्षणी नळानं खाकरून एक तपकिरी गुळणी टाकली आणि धार लागली.

पुढं काय झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही. हात आपोआप चालत होते. बादली लागली, भरली, बाजूला झाली, मग लागला तो टब. टबाला बूच नव्हतं. "तुझा मोजा दे," ताई म्हणाल्या. मी पायातून मोजा काढून दिला, त्यांनी तो भोकात कोंबला. तेवढ्यात वर आलेल्या आईंनी पिशवीतून चांगली दहा हात लांबीची प्लास्टिकची नळी काढून पुढं केली. प्रवासाला नळी कोण घेऊन जातं? पण त्या वेळी आम्हाला दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं झालं आणलीत असंच वाटलं.

मागच्या गॅलरीत दोन निळे ड्रम पालथे पडलेले होते. ताईंनी एक सरळ केला, विसळला. "नळी धर, दाबून धर, उडतंय."

"धरलीय. ताई, कळशी?"

"कळशी कुठली इथं? पेठेत आहे ती. थर्मास आण."

थर्मास भरला. पाण्याच्या बाटल्या भरल्या. चटणीचा डबा धुऊन भरला. वेताच्या खुर्चीवरची फुलदाणी भरली. बारा वर्षं पेठेतल्या घरी आम्ही असंच पाणी भरायचो. मी नळावर, ताई वाहायला, मध्ये एक शब्द वाया जायचा नाही. कधी नळी काढायची आणि कधी लावायची हे त्यांच्या पावलांवरून मला कळायचं. ते अजून कळत होतं. दुसरा ड्रम अर्धा झाला तेव्हा धार बारीक झाली. "आई, जातंय बहुतेक पाणी," मी म्हटलं.

"जाऊ दे की. हाय तवर भरा," आई दारात बसून म्हणाल्या. "ती बेसिन ऱ्हायली बगा. तिला बी भरा."

बेसिन भरलं. नळानं दोन थेंब टाकले आणि तो गेला. आम्ही दोघी ओल्याचिंब, पदर खोचलेले, टबाच्या कडेवर बसलो. सगळं भरून झालं की जे सुख होतं ते ज्यांच्याकडं रोज पाणी येतं त्यांना समजावता येणार नाही.

तेवढ्यात खालून एक पुरुषी आवाज आला, "अहो मालक, पाणी कुठं गेलं?" दुसरा आवाज आला. मग बाईचा आला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि मालक दारात उभे राहिले. त्यांनी टब बघितला. ड्रम बघितले. फुलदाणी बघितली. त्यांची नजर चटणीच्या डब्यावर बराच वेळ राहिली.

"काय केलंत हे, बाई?"

"पाणी भरलं," ताई म्हणाल्या.

"कशासाठी?"

"उद्या नाही आलं तर?"

मालक भिंतीला टेकले. "अहो, विहीर आहे माझी. चोवीस तास पाणी असतं इथं. काल पंप बिघडला म्हणून तेवढं नव्हतं. आत्ता कुठं टाकी भरत होती आणि आता तर लाइटच गेली."

चोवीस तास पाणी हे शब्द आम्ही निवडणुकीत ऐकले होते. ते खरोखर कुठं असतं हे माहीत नव्हतं. मी ताईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मालकांच्या मागं खालच्या खोलीतले गृहस्थ येऊन उभे होते, कमरेला टॉवेल, डोक्यापासून छातीपर्यंत साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला. "मला फक्त दोन तांबे द्या," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले.

ताईंनी त्यांना मागच्या गॅलरीत उभं केलं आणि ड्रममधून मग भरून सरळ डोक्यावर ओतला, घरी पोरांना घालतात तसा. "कानामागं राहिलंय," म्हणून आणखी एक ओतला. मला इतकं हसू आलं की मला दाराची कडी धरावी लागली, आणि ती कडी निघून हातात आली. मग ताईही हसायला लागल्या. मग फेसवाले गृहस्थ हसले. शेवटी मालकही हसले, पण त्यांनी आधी कडी परत मागून घेतली.

त्यानंतर तासभर आम्ही दोघी खोल्याखोल्यांत पाणी पोचवत होतो. ताई पुढं बादली घेऊन, मी मागं डबा घेऊन. एका खोलीतल्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं ही हॉटेलचीच सोय आहे, त्यांनी आमच्या तत्परतेचं कौतुक केलं.

दुपारी जेवताना मालकीणबाईंनी पिठी वाढता वाढता सहज म्हटलं, "मी आजींना पहाटेच बोलले होते हो. म्हटलं, आता नळ चालू झाला की दिवसभर जाणार नाही, भरून ठेवायला नको."

आम्ही दोघींनी आईंकडं बघितलं. आई भात कालवत होत्या.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग बोलला का नाही?" हे ताई.

आईंनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. "तुमी दोगी बोलत हुता. मदी कशाला बोलू?"

पाणी भरताना आम्ही बोललो होतो. भांड्यांबद्दल, मोज्याबद्दल, दुसऱ्याच्या कानामागच्या साबणाबद्दल, चांगलं तासभर बोललो होतो आणि दोघींच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आता ध्यानात आलं, आणि घात झाला. ताईंनी मान खाली घातली. मी पिठीकडं बघत बसले. थोड्या वेळानं ताई हळू आवाजात म्हणाल्या, "आई, तिला विचारा, मीठ..."

"न्हाय विचारनार," आई म्हणाल्या. "माजी मान दुखती. आजपास्नं ह्यो फोन बंद."

मीठ कुणीच घेतलं नाही.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. मालकांनी आईंसाठी रिसेप्शनची खुर्ची स्वतः वाळूत आणून दिली, सकाळी एवढं होऊनसुद्धा. आई खुर्चीत बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि हातानं आम्हाला सांगितलं, जा, पाय भिजवून या. आम्ही गेलो. दहा पावलांचं अंतर ठेवून, दोन वेगळ्या कुटुंबांतल्या बायका जातात तशा.

आमच्याकडं पाणी स्थिर असतं. तलावात, हौदात, ड्रमात. पायाखालची जमीन ओढून नेणारं पाणी आम्हाला माहीत नाही. पहिली लाट परत गेली तेव्हा टाचांखालची वाळू सरकली आणि मी भेलकांडले. ताईही भेलकांडल्या. दहा पावलांचं अंतर कुणी ओलांडलं मला सांगता येणार नाही, पण माझं मनगट त्यांच्या हातात होतं आणि त्यांचा दंड माझ्या हातात. दुसरी लाट आली, गुडघ्यापर्यंत. सोडायची सोय नव्हती.

मी हे दोन वर्षं मनातल्या मनात शंभर तऱ्हांनी म्हणून बघितलं होतं. हॉल तिकिटं, परीक्षा, हेडमास्तर, रजा. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"ताई, मी पहिल्या दिवशी यायला पाहिजे होतं."

त्या समुद्राकडं बघत राहिल्या. "हो. यायला पाहिजे होतंस."

मग म्हणाल्या, "मला रडूच येत नव्हतं गं. सगळ्या बायका म्हणत होत्या, रड मालन, मोकळी हो. मी म्हणत होते, उज्ज्वला आली की रडेन. रोज सकाळी बार्शीच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तेरा दिवस थांबले तुझ्यासाठी."

आणि तेराव्या दिवशी मी जाऊन पंगतीत बसले होते. मला वाटत होतं त्या माझा अपमान करतायत. त्या माझी वाट बघत होत्या. मी त्यांना मिठी मारली. त्या आधी ताठ राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या बार्शीत रडायच्या राहिल्या होत्या तेवढं सगळं रडल्या. मीही रडले. मध्ये एक मोठी लाट येऊन आम्हाला दोघींना खाली बसवून गेली, तशाच बसून रडलो, आणि नाकातोंडात खारट पाणी गेल्यावर खोकत खोकत हसलो.

उठून पदर पिळत आईंच्या खुर्चीपुढं आलो. कशा दिसत असू देव जाणे. आई हनुवटीखाली हात घेऊन बसल्या होत्या, डोळे पाण्यानं भरलेले. त्यांनी आधी ताईंना निरखलं, मग मला, एखादी जुनी वस्तू सापडल्यावर माणूस चारी बाजूंनी बघतं तसं. मी विचारलं, "आई, कसा वाटला समुद्र?"

"कुटं बगितला अजून?" आई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "सरका की जरा. आता बगते."